आर्वेलाची मस्टँग आणि डार्लची कॅमॅरो

आर्वेला क्लिंगमनला नवरा गेल्याचं दुःख होतंच, नाही असं नाही. पण त्याहून जास्त तिला राग होता. माणूस भांडण अर्धवट टाकून गेला. सदतीस वर्षं चाललेलं भांडण, आणि एका मंगळवारी सकाळी अंगणातलं बर्फ ओढता ओढता गडी फावड्यावर टेकला आणि संपला. दफनविधीनंतर चर्चच्या तळघरात आम्ही सगळे हॅमचे सँडविच आणि बटाट्याचं सॅलड खात होतो, तेव्हा ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "हार्लन, मेला कबूल न करताच गेला रे."

काय कबूल करायचं होतं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणाची गाडी जास्त पळते, तिची मस्टँग की त्याची कॅमॅरो.

आता हे नीट सांगायचं तर मागं जावं लागेल, आणि मागं गेलो की मी लवकर परत येत नाही असं माझी बायको डोरिस म्हणते. पण त्याशिवाय आर्वेला कळायची नाही.

आमच्या ओहायोच्या या भागात माणूस जन्माला येतो तो कुठल्यातरी गाडीच्या घरात येतो. चर्च बदललेलं चालतं. पक्ष बदललेला चालतो, फक्त जेवताना बोलायचं नाही. पण फोर्डच्या घरातला पोरगा शेव्ही, म्हणजे शेवरोले, घेऊन आला तर बाप त्याला अंगणात लावू देत नसे, रस्त्यावर लाव म्हणायचा. आर्वेलाचे वडील हायरम स्ट्रेट हे फोर्डवाले, आणि असले कडवे की शेजाऱ्याची शेव्ही चिखलात रुतली तर आधी पोटभर हसून घेत आणि मग ट्रॅक्टर काढत. डार्लचं घर शेव्हीचं. मीही शेव्हीच्याच घरचा. डोरिसचे वडील डॉज चालवायचे, त्यामुळे तिच्याशी लग्न करताना माझ्या वडिलांना तोंड वाकडं करावं की नाही हेच सुचलं नाही. डॉजवाल्यांशी आमचं वैर नव्हतं. ते आपले एका कडेला असायचे.

आर्वेला काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायला होती. दोन वर्षं पगार साठवून तिनं एकोणसत्तर सालची फोर्डची मस्टँग घेतली, मॅक वन, लाल, काळ्या बॉनेटची, चारशे अठ्ठावीस घनइंचांचं इंजिन. बाईमाणसानं असली गाडी घ्यावी हेच तेव्हा लोकांना पचत नव्हतं. दुकानातल्या विक्रेत्यानं तिला विचारलं, नवऱ्यासाठी घेताय का? ती म्हणाली, नवरा मिळाला तर त्याला शेजारी बसवीन. हे वाक्य तिच्या आधी गावात पोचलं.

डार्ल क्लिंगमनकडे त्याच सालची शेव्हीची कॅमॅरो होती, निळी, तीनशे शहाण्णवची. त्याच्या कानावर ते वाक्य गेलं आणि त्यानं निरोप धाडला: शेजारी बसायचं नंतर बघू, आधी शेजारून पळून दाखव.

धान्याच्या उंच कोठ्यांपासून रेल्वेच्या फाटकापर्यंतचा रस्ता आमच्याकडे सरळ आहे, पट्टीनं आखावा तसा. शर्यती तिथंच व्हायच्या. त्या दिवशी फाटकाशी निकाल सांगायला दोघं उभे केले होते, डावीकडे आर्वेलाचा चुलतभाऊ, उजवीकडे डार्लचा. यात घोळ आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण आमच्याकडे न्याय असाच करत, दोन्ही घरांतला एकेक. गाड्या फाटकापाशी आल्या त्या जोडीनं, धूळ अशी की मका दिसेना. फोर्डवाल्यानं फोर्ड पुढं पाहिली. शेव्हीवाल्यानं शेव्ही पुढं पाहिली. दोघंही बायबलवर हात ठेवायला तयार. तिथं जी बाचाबाची सुरू झाली ती मिटवायला म्हणून डार्ल आर्वेलाला आइस्क्रीमच्या दुकानात घेऊन गेला, आणि पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. लग्नाला चर्चच्या पटांगणात एका बाजूला फोर्ड आणि एका बाजूला शेव्ही उभ्या होत्या, आणि डोरिसच्या वडिलांची डॉज बिचारी मधोमध, पाद्रीबुवांच्या सायकलीशेजारी.

भांडण मात्र घरात आलं, आणि राहिलं. दुसरी शर्यत लावायची असं दोघं रोज ठरवायचे. तेवढ्यात आर्वेलाला दिवस गेले. त्याच हिवाळ्यात एमेट शूप नावाचा आमच्यातलाच पोरगा शर्यत लावता लावता फाटकापाशी गेला. गाडी थांबली नाही, आगगाडीही थांबली नाही. महिनाभर रस्ता ओस पडला, मग पोरं पुन्हा जायला लागली. आर्वेलाही म्हणाली, बाळ होऊ दे, मग मी येतेच.

बाळ झालं, ग्लेन. ती आईकडून परत आली, मस्टँग काढली, आणि घरी येऊन म्हणाली की गाडीत काहीतरी बिघडलंय, निघताना जड निघते. डार्लनं झाकण उघडलं, पाहिलं, बंद केलं आणि म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही. बाळंतपणानं तुझाच पाय हलका झालाय."

हे वाक्य तिला जन्मभर टोचलं. पुढं ती शाळेची बस चालवायला लागली. तीस वर्षं चालवली. असली बस, की तिचा क्लच दाबायला बैलाचा पाय लागावा. बर्फात, चिखलात, मागं साठ पोरं बोंबलतायत, पण बस कधी घसरली नाही. ती निवृत्त झाली तेव्हा शाळेनं तिला एक घड्याळ दिलं. आणि घरी डार्ल ते घड्याळ बघून म्हणाला, छान आहे, वेळ मोजायला उपयोगी पडेल, तुला फाटकापर्यंत पोचायला बराच लागतो. तो असा होता. प्रेमळ होता, पण असा होता.

गाड्या दोन्ही लाल कोठारात गेल्या. ठोकळ्यांवर चढवलेल्या, धुराच्या नळीत उंदीर शिरू नयेत म्हणून तारेचे बोळे कोंबलेले. वर्षातून एकदा डार्ल कॅमॅरो काढून चर्चला न्यायचा. मस्टँग तशीच. आर्वेला म्हणायची, जी पळत नाही ती काढून काय करू? इतकं तिनं मानलं होतं. रात्रीच्या जेवणाला भांडायची, तोंडानं माघार घ्यायची नाही, पण आतून मानलं होतं. मी डार्लचा मित्र, मला ते दिसायचं.

तर डार्ल गेला. दुसऱ्या वर्षी तिनं शेत पुतण्याला दिलं आणि गावात वाचनालयाच्या मागं एक लहान घर घेतलं. घराला गॅरेज होतं, स्वयंपाकघराला लागून, मधे एक दार. पण गॅरेज एका गाडीचं. दोनांतली एक ठेवायची, एक द्यायची. ग्लेन फिनिक्सहून फोनवर सांगायचा, आई, दोन्ही विक, तुला काय करायच्यात. त्याला ती म्हणायची, तू उन्हात राहतोस, तुझं डोकं तापलंय.

कुठली ठेवायची हे तिला ठरवता येईना म्हणून तिनं जाणकारांना बोलावलं. तिथून तिचा खरा छळ सुरू झाला.

पहिला आला फोर्ट वेन शहरातला जुन्या गाड्यांचा एक संग्राहक. तो कॅमॅरोपाशी गेला तो मस्टँगकडे वळलाच नाही. कॅमॅरोचं अंग बघा, म्हणाला, ही रेघ बघा, लोकांना आजही हीच गाडी हवी असते, भाग सगळे मिळतात, वळणावर नाक जड पडत नाही. आर्वेलानं विचारलं, आणि पळते कुठली? तो म्हणाला, बाई, आता या गाड्या पळवत नाहीत.

मग कोलंबसहून जुन्या गाड्यांची पारख करणारे ऑगल्स्बी साहेब आले. चांगला माणूस, उगाच कशाला वाईट बोलू. पांढरे सुती हातमोजे, दाताच्या डॉक्टरसारखा दांडीचा आरसा, आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. चुंबक ते दारांवरून फिरवायचे. जिथं चिकटत नाही तिथं रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. बर्फ वितळावं म्हणून आमच्या रस्त्यांवर टाकलेलं मीठ कुठलीही गाडी खाऊन टाकतं, पण या दोघी कोरड्या कोठारात राहिल्या होत्या. चुंबक सगळीकडे चिकटलं. ऑगल्स्बी साहेबांना घाम फुटला, आनंदानं. त्यांचं मत फोर्ट वेनवाल्याच्या अगदी उलट. त्या इंजिनाच्या मस्टँग कमी राहिल्यात, म्हणाले, कॅमॅरो देखण्या असतात पण जत्रेत दहा भेटतील, अशी मस्टँग एक भेटेल. इंजिनावरचा ठोकलेला आकडा गाडीच्या आकड्याशी जुळतो, रंग कारखान्यातला, आसनावर प्लास्टिकसुद्धा आहे. बाई, हिला धुऊ नका. हिला सुरू करू नका. हे टायर काढा, पण टाकू नका, गुंडाळून ठेवा.

"टायर गुंडाळून ठेवू?" आर्वेला म्हणाली.

"हो. प्लास्टिकात."

"आणि गाडी?"

"गाडीवर मऊ कापड. आणि चालवू नका."

ती माझ्याकडे वळली. "हार्लन, मी गाडी ठेवायची की लोणचं घालायचं, हे यांना विचार बरं."

मी हसलो, ते मला नडलं. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

तिचं खरं होतं. दोघं जाणकार येऊन गेले, दोघांनी दोन्ही गाड्या तोलल्या, रंग, आकडे, मागणी, दुर्मिळपणा, सगळं तोललं, आणि तिनं विचारलेलं एकच, ते सोडून. आमच्या शाळेत प्रुइट बाई होत्या. एकाच खोलीत आठही इयत्ता शिकवायच्या. फळ्यावर गणित घालायच्या आणि कुणी सुंदर अक्षरात चुकीचं उत्तर काढलं की म्हणायच्या, अक्षर छान आहे, आता मी विचारलेलं सोडव. त्या बाई तेव्हा हव्या होत्या.

जाता जाता ऑगल्स्बी साहेब मस्टँगखाली आडवे झाले. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडाचा गोळा असतो, त्याला आम्ही भोपळा म्हणतो. त्यात क्राऊन-पिनियन बसतं, दातेरी चाकांची जोडी. इंजिनाची ताकद चाकांना कशी वाटायची ते ही जोडी ठरवते. एक जोडी घातली तर गाडी जागेवरून उसळून निघते, पण लांब पल्ल्याला ओरडते. दुसरी घातली तर लांबवर मजेत जाते, पण निघताना म्हशीसारखी. ट्रॅक्टर आणि मोटारीत जो फरक, तोच. साहेबांनी खडूनं खूण केली, चाक हातानं फिरवलं, आतला दांडा किती फिरतो ते बघितलं, पुन्हा फिरवलं, आणि खालूनच म्हणाले, "इथं एक गोष्ट मूळची नाही."

"काय नाही?"

"भोपळ्यातले दाते. कारखान्यातून या गाडीला उसळून निघायचे दाते आले असणार. हे लांब पल्ल्याचे आहेत. कुणीतरी बदललेत. काम मात्र सुबक केलंय. फार जुनं काम आहे."

आमच्याकडे हिवाळ्यात तळं गोठतं तेव्हा आधी एक बारीक आवाज होतो आणि मग सगळं गप्प होतं, तशी आर्वेला झाली. साहेब निघून गेल्यावर ती कोठाराच्या दारात उभी राहिली.

"पाय हलका झालाय म्हणाला," ती म्हणाली.

"आर्वेला, नीट माहीत नसताना..."

"मी आईकडे होते. दूध पाजत होते. आणि हा इथं माझी गाडी खच्ची करत होता. सुबक."

त्यानंतरचे आठवडे काय सांगू. ती डार्लवर जिवंतपणी जितकी चिडली नसेल तितकी चिडली. कबरीवर फुलं नेणं बंद केलं. त्याचा फोटो जेवणघरातून उचलला आणि कपडे धुण्याच्या खोलीत, साबणाच्या फळीवर ठेवला, तोंड भिंतीकडे. डोरिसनं कोंबडीच्या नूडल्स नेऊन दिल्या, बटाट्यावर घालून, तिला आवडतात तशा, तर ताट समोर ठेवून बोलत राहिली. तीस वर्षं ती साठ-साठ पोरांची बस हाकत आली आणि घरी येऊन आपला पाय हलका आहे असं मानत राहिली. जेवताना त्याचं हसणं ऐकत राहिली. आणि आता जाब कुणाला विचारायचा? ग्लेनला फोन केला तर तो म्हणाला, आई, झालं ते झालं, बाबा आता नाहीत. ती म्हणाली, तीच तर तक्रार आहे, आणि फोन ठेवला.

मी डार्लची बाजू घ्यायला गेलो. घ्यायला नको होती. म्हणालो, पेट्रोल वाचावं म्हणून केलं असेल, त्या साली सगळेच... ती म्हणाली, "तू शेव्हीच्या घरचा. तू बोलू नकोस."

मग तिनं ठरवलं की जुने दाते शोधायचे. डार्ल काही टाकणारा माणूस नव्हता. वाकडा खिळासुद्धा सरळ करून डब्यात ठेवायचा. दाते कोठारातच असणार. सापडले की पुन्हा बसवायचे, आणि कॅमॅरोशी शर्यत लावायची, एकदाच, पुरती, मग हरलेली गाडी विकून टाकायची. तिचा हिशेब सरळ होता. "त्याचीच हरणार. तिला ट्रकवर चढताना बघणार मी, खुर्ची टाकून."

कोठार उपसायला आम्ही दोघं लागलो. धूळ, कबुतरांची घाण, दोऱ्यांची भेंडोळी, कुलपं ज्यांच्या किल्ल्या नाहीत आणि किल्ल्या ज्यांची कुलपं नाहीत. मस्टँगचे दाते काही मिळेनात. ती प्रत्येक रिकाम्या डब्याशी डार्लला एक शिवी द्यायची. मला शेवटी त्या शिव्यांचा क्रम पाठ झाला.

गोठ्याच्या कोपऱ्यात दुधाचे जुने कॅन रचलेले होते, दूध डेअरीला घालायचे दिवस होते तेव्हाचे. रिकामे. पण तळातला एक हलवला तर हलेना. झाकण हातोडीनं उचकटलं. आत तेल, जुनं, मधासारखं. आर्वेलानं बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. एक जड पुडकं वर आलं, मेणकापडात बांधलेलं. सोडलं तर आत क्राऊन-पिनियन. कालच काढून ठेवावं तसं लखलखीत.

"सापडलं," ती म्हणाली. "चोर."

तिनं ते खाली ठेवलं, हात पुसायला लागली, आणि मी कॅन उचलून बाजूला करायला गेलो. कॅन अजून जडच होता. मी म्हणालो, आत काहीतरी आहे. तिनं पुन्हा हात घातला. दुसरं पुडकं आलं. तसंच मेणकापड, तशीच दोरी, तशीच गाठ.

त्यातही क्राऊन-पिनियन होतं. पण ते फोर्डचं नव्हतं. मी शेव्हीच्या घरचा, मला ओळखायला हातात धरायचीही गरज नव्हती.

आम्ही कॅमॅरोपाशी गेलो. मी खाली आडवा झालो, म्हणजे डोरिसनं पाहिलं असतं तर ओरडली असती, पण झालो. खडूची खूण केली, आर्वेलानं चाक फिरवलं. दांडा फिरला तो मस्टँगसारखाच, आळसावून. त्यानं दोन्ही गाड्यांचे दाते काढले होते. आपल्याही. आणि दोन्ही जोड्या एकाच कॅनमध्ये, एकाच तेलात ठेवल्या होत्या.

मी खालून बाहेर यायला वेळ लावला. तिचे फक्त बूट दिसत होते. बूट हलत नव्हते.

"एमेट शूप कधी गेला?" तिनं विचारलं.

"ग्लेन व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात."

"आणि मी म्हणाले होते की बाळ झाल्यावर मी येणारच."

"म्हणाली होतीस."

"मला सांगायचं ना त्यानं. भीती वाटते म्हणायचं."

"तू ऐकलं असतंस?"

मग तिनं कॅमॅरोच्या टायरला एक लाथ घातली, जोरात, बसवाल्या पायानं. "नसतं ऐकलं," ती म्हणाली. "पण म्हणून मला हलक्या पायाची म्हणायचं? स्वतःची गाडी खच्ची केली, माझी केली, आणि वर सदतीस वर्षं जेवायला बसून म्हणतोय, माझीच पळते. दोन्ही पळत नव्हत्या, मेल्या. हार्लन, यानं मला धड रागवायलासुद्धा जागा ठेवली नाही रे."

फोटो साबणाच्या फळीवरून परत आला नाही. पण तोंड भिंतीकडून इकडे वळलं, एवढं मी पाहिलं.

मला वाटलं आता शर्यत गेली. छे. उलट आता तिला चैन पडेना. आधी निदान राग तरी होता, आता तो हातचा गेला आणि प्रश्न होता तिथंच. तिनं विल्मर टॉल्बर्टच्या गॅरेजात दोन्ही गाड्या नेल्या, दोन्ही जोड्या आपापल्या भोपळ्यात बसवून घेतल्या, नवे टायर घातले. जुने टायर मात्र, गंमत बघा, खरोखरच प्लास्टिकात गुंडाळून ठेवले, कारण ऑगल्स्बी साहेबांना तिनं फोन केला होता. मूळचे दाते सापडले म्हणताच ते फोनवर जवळजवळ गायला लागले. मग तिनं सांगितलं की शर्यत लावणार. गाणं थांबलं. बाई, इंजिन फुटलं तर? ती म्हणाली, फुटलं तर निदान कळेल तरी की आत काहीतरी होतं.

कॅमॅरो चालवायला मी. दुसरं कुणी नव्हतंच. ती मला म्हणाली, "मला सवलत द्यायची नाही. दिलीस तर मला कळेल, आणि मग मी डोरिसला तुझं ते जत्रेतलं सांगेन." जत्रेतलं काय ते इथं लिहीत नाही.

ऑक्टोबरातला रविवार, मका कापून झालेला, दोन्हीकडं रान मोकळं, फाटक कोठ्यांपासूनच दिसत होतं. निकालाला कोण उभं करायचं यावर वाद झालाच नाही. डोरिस. डॉजच्या घरची. कुठल्या गाडीचं टोक पुढं, एवढंच बघायचं होतं आणि तिला दोन्हींचं प्रेम नव्हतं. फाटकाच्या बऱ्याच अलीकडे रस्त्यावर आडवी खडूची रेघ मारली, थांबायला जागा राहावी म्हणून. ती रेघ आर्वेलानं स्वतः मारली, आणि मारताना एकदा रुळांकडे बघितलं. सुरुवात मेथडिस्ट चर्चच्या बाराच्या घंटेला, म्हणजे कुणी आधी पळालं म्हणायला नको.

दोघांनी खिडक्या खाली केल्या. डार्लच्या गाडीत डार्लचा वास होता, तंबाखू आणि पेपरमिंट. शेजारी ती लाल गाडी थरथरत होती आणि तिच्यात एक म्हातारी, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत. घंटा वाजली.

मी सवलत दिली नाही. देवाशपथ सांगतो. ती कॅमॅरो अशी उसळली की माझी टोपी मागच्या आसनावर गेली. दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला, कुठं चुकलो नाही, आणि तरी डाव्या बाजूला ती लाल काहीतरी होतंच. पुढं जाईना, मागं राहीना. मग शेवटाला तिचं नाक माझ्या नाकापुढं सरकलं, हळूच, पंक्तीत कुणी ताट पुढं सरकवावं तसं. रेघ गेली. मी ब्रेक दाबला. फाटक अजून लांब होतं.

डोरिस हातात ताट पुसायचं फडकं घेऊन चालत आली. "फोर्ड," ती म्हणाली. "गाडीच्या एका दिव्याएवढी पुढं."

मी टोपी शोधून घातली आणि मग काढली. "तू जिंकलीस, आर्वेला. शेव्हीच्या घरचा मी सांगतोय."

आता ती नाचेल, असं मला वाटलं होतं. ती मस्टँगला टेकून उभी राहिली, दम खात. मग म्हणाली, "तो काय म्हणाला असता?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "म्हणाला असता, हार्लन चालवत होता म्हणून हरली."

"हो ना?"

"आणि मी असतो तर दोन गाड्यांइतकी पुढं काढली असती, म्हणाला असता."

"तेच." तिनं दात आवळले. "तेच म्हणाला असता. आणि जेवताना पुन्हा सुरू." ती कॅमॅरोकडे चालत गेली आणि तिच्या निळ्या बॉनेटवर तळहात आपटला. "बोल की आता. हरलीस ना? बोल."

इंजिन तापून टिकटिक करत होतं, तेवढंच.

पुढच्या आठवड्यात ऑगल्स्बी साहेब बंद पेटीचा ट्रेलर घेऊन आले. कॅमॅरो न्यायची याच तयारीनं आले होते, कारण मस्टँग ठेवा असं त्यांनीच सांगितलं होतं आणि ती त्या बाईनं स्वतःच्या कमाईनं घेतलेली. आर्वेलानं मस्टँगची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी तीनदा विचारलं. मीही विचारलं, तो अधिकार मला होता असं मला वाटलं. डोरिस काही विचारत नव्हती, ती आधीच समजली होती. खुर्ची टाकून आर्वेला बसली, ठरल्याप्रमाणे, आणि लाल गाडी ट्रेलरमध्ये चढताना बघितली. उठली तेव्हा डोळे पुसले आणि म्हणाली धूळ फार आहे. धूळ नव्हती, आदल्या दिवशी पाऊस झाला होता.

ग्लेनचा फोन आला. आई, तू स्वतःची गाडी विकलीस आणि बाबांची ठेवलीस? ती म्हणाली, "जिंकलेलीला घरात बसवून काय करू? ती जाऊ दे जगात. हरलेली इथं बसेल, माझ्या समोर, आणि ऐकेल."

आणि ऐकते. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामधलं ते दार ती जेवताना उघडं ठेवते. आम्ही जेवायला गेलो की ती ताटावरून तिकडं बघून बोलते, एका दिव्याएवढी, डोरिसला विचार, डॉजवाली आहे, खोटं बोलायची नाही. डार्लचा फोटो साबणाच्या फळीवरून हलून त्या दाराच्या चौकटीवर आलाय, गॅरेजकडे तोंड करून. वाद घालायला तिला अजून दुसरी बाजू मिळत नाही, त्यानं ती वैतागते. कधी कधी भांडं आपटते.

रविवारी ती कॅमॅरो घेऊन चर्चला जाते. सदतीस वर्षांत डार्लनं तिला त्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. गेल्या रविवारी मी शेजारी बसलो होतो. गावात सिग्नल एकच आहे. तो हिरवा झाला आणि तिनं पाय दिला, आणि माझी टोपी पुन्हा मागच्या आसनावर गेली. वाचनालय गेलं, बँक गेली, पाद्रीबुवा पायऱ्यांवर एक पाय वर तसेच थांबले.

"हलका झालाय म्हणे," ती समोर बघत म्हणाली, माझ्याशी नाही.

गाडीनं तिसऱ्या गिअरमध्ये एक हुंदका दिला आणि सरळ चालायला लागली.